कोड उघडा, पण गल्ला कुणाचा?

सांगलीत माझं डीटीपीचं आणि छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, सोसायट्यांचे अहवाल, दिवाळी अंकांची मांडणी आणि अलीकडे ऑनलाइन फॉर्म भरून देणं. संगणकाचं वेड मात्र दुकानाच्या आधीपासूनचं. हे गावाला माहीत असल्यामुळे पत्रिकेचं प्रूफ तपासायला आलेलं गिऱ्हाईक हळूच फोन पुढे करतं, ‘जरा बघता का, नुसत्या जाहिराती येतात.’ अशा फोनांतून, जुन्या फायलींतून आणि रात्री उगाच केलेल्या खटपटींतून काही मतं पक्की झाली आहेत. मित्रांना ती सगळी पटत नाहीत. त्यांना चहा पाजून मी तीच पुन्हा सांगतो.

१. आपल्याकडे ओपन सोर्सची, म्हणजे उघड्या कोडाच्या सॉफ्टवेअरची, गाठ विकतच्या सॉफ्टवेअरशी पडलीच नाही. पडली ती चोरीच्या सीडीशी.

नव्वदच्या दशकात या धंद्यात आलेल्यांपैकी किती जणांनी मांडणीचं सॉफ्टवेअर पैसे मोजून घेतलं होतं, हे विचारू नये. मुंबईला गेलेला कुणीतरी लॅमिंग्टन रोडवरून सीडी आणायचा आणि ती गावभर फिरायची. अशा बाजारात ‘लिनक्स फुकट आहे’ असं सांगून काय उपयोग? सगळंच फुकट होतं. लिनक्सवाली उत्साही पोरं दुकानात येऊन बचतीचा हिशेब मांडायची, तेव्हा आमचा ऑपरेटर मान खाली घालून हसायचा.

मला ओपन सोर्स पटलं ते जुन्या फायली उघडताना. एका ग्रंथालयाच्या स्मरणिकेचं काम आलं होतं. आधीच्या स्मरणिकेतले लेख त्यांना पुन्हा छापायचे होते. सीडी शाबूत, फायलीही शाबूत. पण मांडणीचं ते सॉफ्टवेअर कधीच बंद झालेलं, आणि मजकूर त्या काळच्या एका खासगी फॉन्टातला. तो फॉन्ट यंत्रावर नसला की ‘महाराष्ट्र’ या शब्दाच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं दिसतात. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच, इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार चढवलेले होते. शेवटी सगळं पुन्हा टाइप झालं. ग्रंथालयानं आपल्याच लेखांच्या टायपिंगचे पैसे दुसऱ्यांदा मोजले.

तेव्हापासून दुकानात मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे संगणकालाही मराठी म्हणूनच कळेल असा, घेतो आणि जपून ठेवायची प्रत ओडीएफ या फाइल-प्रकारात करतो. ओडीएफ हे २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याचा आराखडा कुणालाही वाचता येतो. उद्या ती फाइल करणारं लिब्रे ऑफिस हे सॉफ्टवेअर बंद पडलं, तरी ती फाइल उघडणारं दुसरं काहीतरी कुणीतरी लिहू शकेल.

२. ओपन सोर्सच्या परवान्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे निघून जायची मुभा.

२०१० च्या सुरुवातीला ओरॅकलनं सन ही कंपनी घेतली आणि तिच्याबरोबर तिचं ओपन ऑफिस हे ओपन सोर्स सॉफ्टवेअरही ओरॅकलकडे गेलं. त्यावर काम करणाऱ्यांना लक्षणं काही बरी दिसेनात. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी कोड उचलला, लिब्रे ऑफिस असं नाव ठेवलं आणि वेगळी चूल मांडली. परवानगी मागावी लागली नाही, कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. आज लोक वापरतात ते लिब्रे ऑफिस. ओपन ऑफिस पुढे ओरॅकलनंही सोडून दिलं.

हीच मुभा मोठ्यांनाही असते, हे मात्र विसरू नये. केडीई प्रकल्पातल्या स्वयंसेवकांनी आपल्या कॉन्करर ब्राउझरसाठी केएचटीएमएल नावाचं, वेबपान पडद्यावर मांडणारं इंजिन लिहिलं होतं. ॲपलनं ते घेऊन वेबकिट केलं आणि २००३ मध्ये त्यावर सफारी आणला. २००८ मध्ये गूगलनं वेबकिटवर क्रोम उभा केला आणि २०१३ मध्ये त्यालाच फाटा फोडून ब्लिंक काढलं. पुढे ऑपेरा ब्लिंकवर आला, २०२० पासून मायक्रोसॉफ्टचा एजही. जगातल्या बहुतेक फोनांत आज त्या हौशी पोरांच्या कोडाचे वंशज चालतात. कॉन्करर किती जणांनी पाहिलाय?

३. एकाच ब्राउझरचं राज्य आपण एकदा भोगलं आहे. दुसऱ्यांदा ते ओळखायला वेळ लागू नये.

इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला २००१ मध्ये. नेटस्केप संपला होता, स्पर्धक उरला नव्हता. मग सातवी आवृत्ती यायला २००६ उजाडलं. मधली पाच वर्षं जग त्याच भोकं पडलेल्या ब्राउझरवर बँकेचे व्यवहार करत होतं. साइटी त्याच्याच लहरीप्रमाणे बांधल्या जात. आपल्याकडे तर पानाच्या तळाशी ‘इंटरनेट एक्सप्लोररमध्येच उत्तम दिसेल’ ही पाटी असायचीच. अनेक मराठी साइटी आपापला फॉन्ट पानासोबत पाठवायच्या, आणि ती युक्ती एक्सप्लोररमध्येच चालायची. दुसऱ्या ब्राउझरनं त्याच बातमीकडे पाहिलं, की पुन्हा तो डॉलर-कंसांचा काला.

नेटस्केपनं मरता मरता एक शहाणपणा केला होता. १९९८ मध्ये आपला कोड खुला केला. त्यातून मोझिला आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्स १.० आला. त्याच डिसेंबरात चाहत्यांनी वर्गणी काढून ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये दोन पानी जाहिरात दिली. तीत सुमारे दहा हजार देणगीदारांची नावं होती. दोन पानांत दहा हजार नावं! तो मांडणीकार कधी भेटला, तर त्याच्या पाया पडेन.

मराठीला मात्र फायरफॉक्स सुरुवातीला पावला नव्हता. दोन्ही कडा सारख्या केलेल्या परिच्छेदात जोडाक्षरं तुटायची, वेलांट्या भलत्या अक्षरावर जाऊन बसायच्या. जून २००८ मधल्या तिसऱ्या आवृत्तीनं हे दुखणं काढलं.

आता गंमत बघा. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाचा फॉर्म भरताना एका पोर्टलनं फायरफॉक्सला दारातच अडवलं. ‘कृपया क्रोम वापरा.’ पाटी तीच, नाव तेवढं बदललं.

४. कोड उघडा असणं आणि सुकाणू आपल्या हाती असणं, यांत बरंच अंतर आहे.

क्रोमचा पाया असलेला क्रोमियम ओपन सोर्स आहे. कुणीही घ्यावा, आपला ब्राउझर करावा. मग अडचण काय? अडचण २०२४ च्या उत्तरार्धात दिसली. ब्राउझरला वरून जोडायचे विस्तार (एक्स्टेन्शन) कसे चालावेत याचे नियम गूगलनं बदलले. आधी जाहिरात अडवणारा विस्तार पानातून निघालेली प्रत्येक विनंती वाटेत थांबवून तपासायचा आणि जागच्या जागी ठरवायचा, जाऊ द्यायची की नाही. नव्या नियमांत त्यानं आपली यादी आधीच ब्राउझरकडे द्यायची. निर्णय ब्राउझर करणार, आणि यादीत किती नियम असावेत यालाही मर्यादा. यूब्लॉक ओरिजिन हा सगळ्यात तिखट विस्तार क्रोममध्ये टप्प्याटप्प्यानं बंद पडला. त्याची ‘लाइट’ आवृत्ती आहे, पण ती पथ्याच्या आमटीसारखी.

गूगलनं कारण दिलं सुरक्षिततेचं आणि वेगाचं. ते अगदीच खोटं नाही. ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचा चांगला चाललेला विस्तार मूळ लेखकानं २०२० मध्ये विकला, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत त्यात घातक कोड आहे म्हणून गूगललाच तो लाखोंच्या यंत्रांवरून काढावा लागला. विस्ताराला ब्राउझरमधलं सगळं दिसतं, तेव्हा लगाम हवाच. पण आकडे समोर ठेवून विचार करावा. २०२४ मध्ये गूगलच्या मूळ कंपनीचं उत्पन्न सुमारे ३५० अब्ज डॉलर, त्यातले २६४ अब्जांहून अधिक जाहिरातींचे. ज्याचा तीन चतुर्थांश गल्ला जाहिरातींनी भरतो, त्यानंच जाहिरात अडवणाऱ्यांचे नियम लिहिले, तर ते कुणाच्या सोयीचे होणार? यात कट-कारस्थान शोधायची गरजच नाही. मी दुकानदार आहे, मला कळतं.

क्रोमियमवर ब्राउझर बांधणारे बाकीचे हे नियम नाकारू शकतात. कागदावर. प्रत्यक्षात दर काही आठवड्यांनी गूगलकडून नवा कोड येत राहणार आणि त्यातून नको ते सतत वेगळं काढत बसायला माणसं लागतात. ती पोसायची ऐपत किती जणांकडे आहे?

५. फायरफॉक्सच्या गल्ल्यातही बघा.

मी फायरफॉक्स वापरतो, यूब्लॉक त्यात पूर्ण ताकदीनं चालतो. पण मोझिलाचं बहुतांश उत्पन्न येतं गूगलकडून, शोधखिडकीत गूगल आधीपासून बसवलेला असतो त्याबद्दल. २०२२ मध्ये याच कारणासाठी गूगलनं ॲपलला २० अब्ज डॉलर दिल्याचं अमेरिकी खटल्यात उघड झालं. न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये शोधाच्या बाजारात गूगलची मक्तेदारी बेकायदा ठरवली. पुढे उपाय काय करावेत यावर सुनावणी चालली, तेव्हा हे पैसे बंद करू नका, नाहीतर आम्ही बुडू, असं सांगायला मोझिलाचे अधिकारीच साक्षीला उभे राहिले. मक्तेदारी मोडा म्हणत आयुष्य घालवलेल्यांवर ही वेळ! सप्टेंबर २०२५ च्या निकालात पैशांना पूर्ण बंदी आली नाही आणि क्रोम विकायचाही आदेश झाला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याची लाजही वाटली.

दरम्यान मोझिलानं २०२४ मध्ये जाहिरातींच्याच धंद्यातली एक कंपनी विकत घेतली. खासगीपणा जपणाऱ्या जाहिराती करू म्हणतात. बघू.

६. जाहिरातीशी माझं वैर नाही, माझं घर तिच्यावर चाललंय.

मित्रांशी सगळ्यात जास्त भांडण या मुद्द्यावर होतं. त्यांच्या मते जाहिरात म्हणजे घाण. मी दरवर्षी गणपतीपासून दिवाळीपर्यंत जाहिरातीच लावत बसतो. साखर कारखान्याची रंगीत पानभर, अर्बन बँकेची अर्धं पान, सराफांची चौकटीत, शेवटच्या क्षणी आलेल्या डॉक्टरांची ‘हार्दिक शुभेच्छा’वाली पाव पान. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा टिकली त्यात जाहिरातदारांचा वाटा लेखकांइतकाच आहे. संपादक हे उघड बोलत नाहीत, एवढंच.

पण त्या साखर कारखान्याला अंक कोण वाचतंय ते माहीत नसतं. वाचक पान उलटताना कुठे थांबला, आदल्या दिवशी त्यानं मधुमेहाच्या गोळ्यांची चौकशी केली होती का, हे त्याला विचारावंसंही वाटत नाही. त्याला सांगलीचे वाचक हवे असतात आणि अंक सांगलीत खपतो, विषय संपला.

आता फोनवर एखादं बातमीचं पान उघडा. मथळा दिसतो, त्याखाली एक ओळ, मग चौकोन. तो भरायच्या आत मागे लिलाव होतो. हा फोन कुठल्या गावातला, कुठल्या किमतीचा, काल काय शोधलं, ही माहिती कितीतरी खरेदीदारांकडे जाते, ते बोली लावतात आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्शात सौदा संपतो. बोली एकच जिंकतो, माहिती मात्र हरलेल्यांनाही मिळालेली असते. तेवढ्यात जाहिरात येते, मजकूर खाली सरकतो आणि ‘पुढे वाचा’वर नेलेला अंगठा बरोबर जाहिरातीवर पडतो. कोपऱ्यात एक व्हिडिओ आपोआप सुरू झालेला असतो. त्याची फुली इतकी बारीक, की आमच्याकडे सहा पॉइंटात छापलेल्या अटी-शर्ती तिच्यापुढे ठळक दिसाव्यात.

ही पाळत जिच्या बळावर वाढली ती कुकी लू माँटुली यांनी १९९४ मध्ये नेटस्केपसाठी काढली. साइटला आपलं गिऱ्हाईक ओळखता यावं, एवढाच साधा हेतू होता. दुसऱ्यांच्या पानात शिरून मागावर राहणाऱ्या तिऱ्हाईत कुकी फायरफॉक्सनं २०१९ पासून आपण होऊन अडवायला सुरुवात केली आणि सफारीनं २०२० पासून त्या सरसकट बंद केल्या. क्रोमनं जानेवारी २०२० मध्ये दोन वर्षांत त्या काढून टाकू असा शब्द दिला, तो पुढे पुढे ढकलला आणि जुलै २०२४ मध्ये बेतच सोडून दिला. चौथा मुद्दा इथे पुन्हा वाचावा.

मग यूब्लॉक लावून मी त्या बातमीदाराच्या पोटावर पाय देतो का? थोडाफार देतो, नाही म्हणणार नाही. म्हणून ज्या दोन-चार मराठी साइटी रोज वाचतो त्यांची वर्गणी भरतो, आणि जिथे जाहिराती सभ्य आहेत तिथे विस्तार बंद ठेवतो. अशी ठिकाणं फार नाहीत.

७. घरातल्या मोठ्यांसाठी जाहिरात अडवणं ही चैन नाही.

शेजारच्या काकूंनी बँकेच्या मदतकेंद्राचा नंबर शोधला. सगळ्यात वर आला त्यावर फोन लावला. पलीकडचा माणूस शुद्ध मराठीत बोलत होता, ‘ताई, घाबरू नका’ म्हणत होता. त्यानं एक ॲप उतरवून घ्यायला लावलं, पडदा त्याला दिसू लागला. तेवढ्यात काकूंचा मुलगा आला आणि त्यानं फोनच बंद केला. पैसे वाचले. काकूंचं म्हणणं एकच होतं, ‘अरे, सगळ्यात वर होतं ना ते! वर असतं ते खरंच असणार की नाही?’

‘प्रायोजित’ असं बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, पण हा शब्द बघून सावध व्हायचं हे काकूंना कुणी सांगितलं? डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं नेमक्या अशाच फसव्या जाहिरातींबद्दल इशारा दिला आणि शोधताना जाहिरातरोधक वापरा, असा सल्लाही दिला. मी आता अँड्रॉइडवर फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक टाकून देतो. शिवाय सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ला जाहिरात गाळणारा पत्ता भरतो, त्यामुळे ॲपांमधल्याही बऱ्याच जाहिराती जातात. आयफोनवाल्यांना एवढं करून देता येत नाही, कारण आपल्याकडच्या आयफोनवर फायरफॉक्सच्या पोटातही वेबकिटच असतं. आणि एक, बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो. काकूंच्या कार्डाची मागची बाजू मी त्यांना चष्मा लावून वाचायला लावली.

८. सगळा डोलारा कुणाच्या खांद्यावर आहे ते अधूनमधून बघून घ्यावं.

यूब्लॉक ओरिजिन लिहिणारे रेमंड हिल देणगी घेत नाहीत. द्यायचीच तर याद्या सांभाळणाऱ्यांना द्या, असं त्यांचं म्हणणं. हे थोर आहे आणि काळजीचंही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदार सापडलं. ते सांभाळणारा माणूस जवळजवळ एकटा आणि थकलेला. ‘मदत करतो’ म्हणत एक अनोळखी व्यक्ती आली, दोनेक वर्षं इमानदारीत काम करून विश्वास मिळवला आणि मग सुरुंग पेरला. जगभरच्या सर्व्हरांवर तो पसरायच्या बेतात होता. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपल्या यंत्रावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, असा प्रश्न पडला म्हणून ते उघड झालं. कोड उघडा होता म्हणूनच तो शोधू शकला, हे खरं. पण कोड सगळ्यांसाठी उघडा होता आणि पाहिलं एकानंच.

मराठीपुरतं बोलायचं तर फायरफॉक्स आणि लिब्रे ऑफिस मराठीत दिसतात ती स्वयंसेवकांची मेहनत. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट खुल्या परवान्यावर आहेत, माझ्या निम्म्या पत्रिका त्यांच्यावर निघतात. फॉन्ट फुकट असल्याचं ऐकून गिऱ्हाईक ‘मग दर कमी करा की’ म्हणतं. मी विषय बदलतो.

९. दुकानातल्या यंत्रावर.

फॉर्म भरायला आलेला माणूस आपल्या खात्यात शिरतो, पावती छापून घेतो आणि तसाच निघून जातो. दुकानाचा ब्राउझर बंद करताच सगळं विसरेल असा लावून ठेवला आहे. पासवर्ड साठवू का, असं विचारणंही बंद केलंय. डाउनलोडचा फोल्डर रोज रात्री रिकामा होतो. यात ओपन सोर्सचा काही संबंध नाही, पण सायबर कॅफे, झेरॉक्सवाले आणि आमच्यासारखे यांनी एवढं करावं.

१०. नवे ब्राउझर आले आहेत, जरा दमानं घ्या.

२०२५ मध्ये पर्प्लेक्सिटीनं कॉमेट आणला, ओपनएआयनं ॲटलस. पान वाचून सांगतात, फॉर्मही भरून देतात. दोन्ही क्रोमियमवर बांधलेले. त्याच वर्षी पर्प्लेक्सिटीनं क्रोम विकत घ्यायला ३४.५ अब्ज डॉलर देऊ केले होते. ती रक्कम त्या कंपनीच्या स्वतःच्या किमतीपेक्षा जास्त होती. आमचा पुतण्या विचारतो, ‘काका, दुकानात टाकू का? फॉर्म पटापट होतील.’ होतीलही. पण समोरच्या पडद्यावर कुणाचं आधार, कुणाचा सातबारा, कुणाच्या मुलीचा जातीचा दाखला उघडा असतो. हे सगळं वाचणाऱ्या नव्या ब्राउझरचा गल्ला उद्या कशानं भरणार, हे त्याच्या मालकांचंही अजून ठरलेलं दिसत नाही. घरच्या लॅपटॉपवर टाक म्हटलं, सिनेमाची तिकिटं काढायला.